संप्रेरकाचा जनुकावरील परिणाम थेट आहे की अप्रत्यक्ष, हे प्रयोगाने कसे ठरवावे

पेशींना संप्रेरक द्यायचे, चोवीस तासांनी त्यांतील आरएनए काढायचा आणि एखाद्या जनुकाचा संदेशवाहक आरएनए चौपट झालेला दिसला की ‘हे संप्रेरक या जनुकाचे नियमन करते’ असा निष्कर्ष लिहायचा, ही रीत पदव्युत्तर प्रबंधांमध्ये फार रुळली आहे. तो चौपट आकडा खरा असतो. परंतु चोवीस तासांत पेशीमध्ये इतके काही घडून गेलेले असते की त्या आकड्यावरून कारण सांगता येत नाही. संप्रेरकाचा ग्राही (संप्रेरकाला ओळखून धरणारे पेशीतील प्रथिन) स्वतः त्या जनुकाजवळच्या डीएनएवर जाऊन बसला असेल. किंवा त्याने आधी दुसरेच जनुक चालू केले असेल आणि त्यापासून तयार झालेल्या प्रथिनाने पुढे आपले जनुक चालू केले असेल. प्रतिलेखनाचा (जनुकावरून आरएनए तयार होण्याचा) वेग होता तेवढाच राहून आरएनए केवळ अधिक काळ टिकू लागला असेल, हेही शक्य आहे. शिवाय संप्रेरकामुळे पेशींचे विभाजन वाढले असेल, तर विभाजनाबरोबर वर जाणाऱ्या शेकडो जनुकांमध्ये आपलेही एक असू शकते.

या शक्यता एकेक करून कशा तपासाव्यात, याची पद्धत येथे क्रमाने मांडली आहे. उदाहरण म्हणून एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशी, एस्ट्रॅडिऑल हे एस्ट्रोजेन गटातील स्टेरॉइड संप्रेरक आणि टीएफएफ१ हे जनुक घेतले आहे. एमसीएफ-७ ही पेशींची ओळ अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये तयार झाली आणि १९७३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. टीएफएफ१ हे जनुक १९८२ साली फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे पिएर शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेत याच पेशींमध्ये, पीएस२ या नावाने, प्रथम सापडले. ही जोडी निवडण्याचे कारण असे की तिच्यावर प्रत्येक पायरीचा प्रयोग झालेला आहे, त्यामुळे आपल्या हातून आलेले उत्तर पडताळून पाहता येते. नवे जनुक तपासतानाही टीएफएफ१ सोबत मोजावे. तेच वाढले नाही, तर त्या दिवशीच्या प्रयोगावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या आणलेल्या, कितव्या पिढीतील आहेत हे ठाऊक नसलेल्या पेशींपेक्षा तो मार्ग कितीतरी चांगला आहे.

पेशींना आधी संप्रेरकाविना ठेवावे

संप्रेरकाचा परिणाम पाहायचा तर आरंभी ते नसावे लागते, आणि पेशीसंवर्धनात ही अट सहजासहजी पूर्ण होत नाही. वासराच्या सीरममध्ये स्टेरॉइड संप्रेरके असतातच. त्याखेरीज मीडियमला, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक द्रवाला, गुलाबी रंग देणारे फिनॉल रेड हे द्रव्यही एस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम घडवते, हे १९८६ साली कॅट्झेनेलेनबोगेन यांच्या गटाने याच एमसीएफ-७ पेशींवर दाखवून दिले. म्हणून पेशी फिनॉल रेड नसलेल्या मीडियममध्ये, कोळशाने स्टेरॉइडे काढून टाकलेल्या सीरमसह, तीन दिवस वाढवाव्यात आणि मीडियम रोज किंवा निदान एक दिवसाआड बदलावे. हे तीन दिवस वाचवण्याचा मोह टाळावा. एका रात्रीच्या उपासाने पेशींतील जुन्या संप्रेरकाचा प्रभाव पुरता ओसरत नाही आणि मग ‘संप्रेरक नसलेल्या’ पेशींतही जनुक अर्धवट चालू राहते, त्यामुळे वाढ प्रत्यक्षाहून कमी दिसते.

पूर्वीच्या संपर्काची खूण किती टिकू शकते, याचे उत्तम उदाहरण झेनोपस या आफ्रिकी बेडकात मिळते. व्हिटेलोजेनिन हे अंड्यातील पिवळ्या बलकासाठी लागणारे प्रथिन एरवी फक्त मादीच्या यकृतात तयार होते. पण नराला एस्ट्रॅडिऑल टोचले, तर त्याचेही यकृत ते तयार करू लागते. पहिल्या वेळी या प्रतिसादाला वेळ लागतो. परिणाम ओसरल्यावर त्याच नराला पुन्हा एस्ट्रॅडिऑल दिले, तर प्रतिसाद अधिक लवकर आणि अधिक जोराने येतो. म्हणजे पेशीने याआधी काय अनुभवले आहे, हाही प्रयोगाचाच एक भाग असतो आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे.

मात्रा ठरवताना हिशेब हाताने करून वहीत लिहावा. एस्ट्रॅडिऑलचा रेणुभार २७२.४ आहे, त्यामुळे २.७२ मिलिग्रॅम पूड १ मिलिलीटर इथेनॉलमध्ये विरघळवली, तर १० मिलिमोलर द्रावण मिळते. ते इथेनॉलमध्येच हजारपट विरल केले की १० मायक्रोमोलर होते आणि त्यातील १ मायक्रोलीटर १ मिलिलीटर मीडियममध्ये घातल्यावर अंतिम प्रमाण १० नॅनोमोलर येते, इथेनॉलचे प्रमाण ०.१ टक्का राहते. तुलनेच्या पेशींना तेवढेच इथेनॉल, त्याच वेळी, त्याच पद्धतीने द्यावे. हा कंट्रोल औपचारिकता म्हणून ठेवायचा नाही: ताजे सीरम असलेले मीडियम घालणे एवढ्यानेच एफओएससारखी जनुके काही मिनिटांत उसळतात, आणि कंट्रोलच्या पेशींचे मीडियम न बदलता फक्त प्रयोगाच्या पेशींचे बदलले, तर ती उसळी संप्रेरकाच्या नावावर जमा होते. स्टेरॉइडे प्लास्टिकला चिकटतात, त्यामुळे मूळ द्रावण काचेच्या कुपीत ठेवावे. पूड हाताळताना हातमोजे आणि मुखपट्टी अनिवार्य समजावी, कारण हे द्रव्य त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाते.

परिणाम ग्राहीमार्फतच होतो, याची खात्री

संप्रेरके पेशीत काय करतात, याविषयी १९५० च्या दशकात प्रचलित समज असा होता की ती एखाद्या विकराबरोबर रासायनिक अभिक्रियेत भाग घेतात. शिकागो विद्यापीठात एलवूड जेन्सन आणि हर्बर्ट जेकबसन यांनी ट्रिशियमने किरणोत्सारी केलेले एस्ट्रॅडिऑल उंदरांना दिले, तेव्हा दिसले की गर्भाशयासारख्या अवयवांत ते टिकून राहते, इतर ऊतींतून निघून जाते आणि टिकते तेथेही रासायनिक दृष्ट्या न बदलता टिकते. त्याला धरून ठेवणारे विशिष्ट प्रथिन असले पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि ग्राहीची कल्पना पक्की झाली. आपल्या प्रयोगालाही हीच कसोटी लावायची आहे: दिसणारा परिणाम त्या प्रथिनावर अवलंबून आहे का?

यासाठी तीन पुरावे जमवावेत. पहिला मात्रेचा. ०.०१ नॅनोमोलरपासून १०० नॅनोमोलरपर्यंत दहापटींच्या टप्प्यांनी एस्ट्रॅडिऑल द्यावे. ग्राही या संप्रेरकाला एका नॅनोमोलरच्याही आतल्या प्रमाणात पकडतो, त्यामुळे खरा प्रतिसाद १ ते १० नॅनोमोलरपर्यंत आपली कमाल गाठतो आणि पुढे सपाट होतो. केवळ मायक्रोमोलर मात्रेलाच दिसणारा परिणाम या ग्राहीचा नसून अन्य कशाचा तरी आहे, असेच धरून चालावे. दुसरा पुरावा प्रतिरोधकाचा: फुल्व्हेस्ट्रंट हे औषध एस्ट्रोजेन ग्राहीला बांधून त्याचे विघटन घडवते, तेव्हा ते आधी दिल्यावर एस्ट्रॅडिऑलचा परिणाम नाहीसा झाला पाहिजे. तिसरा पुरावा ग्राहीच काढून घेण्याचा; एसआयआरएनए (ठरावीक जनुकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट करणारे आखूड आरएनए) वापरून त्याचे प्रमाण घटवावे आणि घटले असल्याचे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन मोजण्याच्या पद्धतीने दाखवावे. एमडीए-एमबी-२३१ या ग्राही नसलेल्या पेशींशी केलेली तुलना सोबत जोडायला हरकत नाही, परंतु त्या पेशी इतर असंख्य बाबतींत वेगळ्या असल्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये.

आरएनए मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत

आरएनएवरून बनवलेल्या डीएनएच्या प्रती वाढवत त्याचे प्रमाण मोजणाऱ्या रिअल-टाइम पीसीआरची तांत्रिक पथ्ये बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. प्रायमरची (प्रती काढण्याचा आरंभ करून देणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्यांची) कार्यक्षमता विरलन मालिकेवरून तपासावी आणि ती ९० ते ११० टक्क्यांच्या मर्यादेत असावी. ज्याच्याशी तुलना करून आकडे काढायचे ते संदर्भ जनुक आपल्या संप्रेरकाने हलत नाही, हे स्वतः पाहून मगच वापरावे. जीएपीडीएच हे सर्वांच्या सवयीचे जनुक मेदपेशींत इन्सुलिनने वाढते, हे लक्षात घेतले तर सवय पुरेशी नाही हे पटेल. एकाच दिवशी, एकाच थाळीतल्या तीन खळग्यांतून आलेले तीन आकडे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पिढीच्या पेशींवर केलेले निदान तीन स्वतंत्र प्रयोग असावेत आणि सांख्यिकी चाचणी पटींच्या आकड्यांवर न लावता डेल्टा-सीटी मूल्यांवर (आपले जनुक आणि संदर्भ जनुक यांच्या पीसीआर-चक्रांतील फरकावर) लावावी, कारण पटींचे वितरण एका बाजूला कललेले असते.

खरा विचार लागतो तो काळाच्या निवडीला. एकाच वेळी मोजलेला आरएनए हा साठा असतो. तो प्रतिलेखनाने भरतो आणि विघटनाने रिता होतो, आणि साठा वाढला म्हणजे आवक वाढली की जावक घटली हे साठ्याकडे पाहून कळत नाही. त्यामुळे ०, १, २, ४, ८ आणि २४ तास अशी मालिका घ्यावी आणि प्रक्रिया पूर्ण झालेल्या आरएनएबरोबर इंट्रॉनमधील (आरएनए तयार झाल्यावर कापून टाकल्या जाणाऱ्या भागातील) प्रायमर वापरून कच्चा, न कापलेला आरएनएही मोजावा. इंट्रॉन लगेच कापले जाऊन नष्ट होत असल्याने कच्च्या आरएनएचे प्रमाण त्या क्षणीच्या प्रतिलेखनाच्या बरेच जवळ असते. या मापनात डीएनएचा अंश राहिला तर तोही आरएनए म्हणून मोजला जाईल. म्हणून डीएनेझ या डीएनए नष्ट करणाऱ्या विकराची प्रक्रिया काटेकोरपणे करावी आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ (आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर) न घातलेला नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवावा.

संप्रेरकामुळे दबणाऱ्या जनुकांच्या बाबतीत ही दक्षता दुपटीने आवश्यक आहे. समजा, एखाद्या संदेशवाहक आरएनएचे अर्धायुष्य आठ तास आहे आणि संप्रेरक देताच त्याच्या जनुकाचे प्रतिलेखन संपूर्ण थांबले. तरीही दोन तासांनी त्या आरएनएपैकी सुमारे ८४ टक्के शिल्लकच असणार, आणि पीसीआरच्या नेहमीच्या चढउतारांत तो फरक हरवून जाणार. मग विद्यार्थी ‘दोन तासांत परिणाम नाही, चोवीस तासांनी आहे, म्हणून हा परिणाम उशिराचा आणि अप्रत्यक्ष’ असे लिहितो, वस्तुतः प्रतिलेखन पहिल्या काही मिनिटांतच थांबलेले असते. दमनाचे कितीतरी थेट परिणाम केवळ या कारणाने अप्रत्यक्ष ठरवले जातात. संपूर्ण जीनोमवर चालू प्रतिलेखन मोजणारी जीआरओ-सेक ही पद्धत २००८ साली आली आणि २०११ साली ली क्राउस यांच्या गटाने ती एमसीएफ-७ पेशींवर वापरली, तेव्हा एस्ट्रॅडिऑल दिल्यावर दहा आणि चाळीस मिनिटांतच प्रतिलेखनात फार व्यापक, आणि पुष्कळदा लगेच ओसरणारे, बदल होतात असे आढळले. हे बदल चोवीस तासांच्या मोजणीत दिसणे शक्यच नव्हते. ही पद्धत आपल्या आवाक्यात नसली, तरी इंट्रॉनचे प्रायमर कोणत्याही विद्यापीठातील प्रयोगशाळेला परवडतात.

नवे प्रथिन लागते का?

थेट आणि अप्रत्यक्ष हा भेद ज्या प्रयोगांनी स्पष्ट केला, ते कीटकांवर झाले. एक्डायसोन हे कीटकांना कात टाकायला लावणारे संप्रेरक आडोल्फ बुटेनांट आणि पेटर कार्लसन यांनी १९५४ साली रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलोग्रॅम कोशांतून शुद्ध केले. हाती आले ते अवघे २५ मिलिग्रॅम. १९६० साली उलरिख क्लेव्हर आणि कार्लसन यांनी ते कायरोनोमस या माशीच्या अळ्यांना टोचून लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. अर्ध्या तासाच्या आत गुणसूत्रावर ठरावीक जागी फुगवटा आला. हे फुगवटे म्हणजे जेथे आरएनए जोमाने तयार होत आहे अशी ठिकाणे. संप्रेरक जनुकांवर काम करते, हे तेव्हा पहिल्यांदा इतके उघड डोळ्यांना दिसले.

पुढे केंब्रिजमध्ये मायकेल ॲशबर्नर यांनी ड्रोसोफिलाच्या लाळग्रंथी शरीराबाहेर काढून त्यांना एक्डायसोन दिले आणि फुगवट्यांचा क्रम तासन्‌तास नोंदवला. काही फुगवटे मिनिटांत येत आणि काही तासांनी मावळत. त्यांच्यापाठोपाठ कितीतरी अधिक फुगवटे उशिरा येत. मग त्यांनी प्रथिननिर्मिती थांबवणारे सायक्लोहेक्झिमाइड संप्रेरकाबरोबर दिले. लवकरचे फुगवटे तरीही आले, पण ते मावळेनात, आणि उशिराचे फुगवटे आलेच नाहीत. यावरून १९७४ साली त्यांनी प्रतिमान मांडले की संप्रेरक आणि ग्राही मिळून लवकरची जनुके थेट चालू करतात, उशिराची जनुके दाबून ठेवतात, आणि लवकरच्या जनुकांपासून झालेली प्रथिने पुढे उशिराची जनुके चालू करून स्वतःची बंद करतात. त्या वेळी यांपैकी एकही जनुक वेगळे काढलेले नव्हते, एक्डायसोनचा ग्राही तर १९९१ साली हाती आला. केवळ फुगवटे आणि एक अवरोधक एवढ्या सामग्रीवर उभे केलेले हे प्रतिमान नंतरच्या रेणवीय प्रयोगांत मुख्य मुद्द्यांवर खरे उतरले. प्रयोग रचण्याची कला शिकायची असेल, तर आजही या कामाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

अवरोधकांच्या याच तर्काने थायरॉइड संप्रेरकाचा प्रश्न हाताळणारे शास्त्रज्ञ मूळचे मुंबईचे होते. १९३० साली मुंबईत जन्मलेले जमशेद टाटा यांनी लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात दाखवले की थायरॉइड संप्रेरकाने चयापचयाचा वेग वाढतो, तो आरएनएची निर्मिती अडवणाऱ्या ॲक्टिनोमायसिन-डीने रोखता येतो. १९६६ साली त्यांनी बेडूकमाशांच्या कापलेल्या शेपट्या संवर्धनात ठेवून तो विचार आणखी पुढे नेला. थायरॉइड संप्रेरक दिल्यावर शेपटी जिरू लागते. पण आरएनए किंवा प्रथिनांची निर्मिती अडवली, तर ती जिरत नाही. ऊतीच्या नाशालाही नवी जनुके चालू व्हावी लागतात, हे त्यातून समोर आले.

आपला प्रयोग रचताना पेशींचे चार गट करावेत: फक्त इथेनॉल, फक्त एस्ट्रॅडिऑल, फक्त सायक्लोहेक्झिमाइड, आणि दोन्ही एकत्र. तिसरा गट पुष्कळजण गाळतात आणि तेथेच प्रयोग निकामी होतो. सायक्लोहेक्झिमाइड स्वतःच कित्येक अल्पजीवी आरएनए टिकवून धरते, त्यामुळे संप्रेरक नसतानाही त्यांचे प्रमाण वाढते. ती वाढ वजा केल्याशिवाय चौथ्या गटाचा अर्थ लागत नाही. अवरोधक संप्रेरकाच्या अर्धा तास आधी द्यावा, साधारणपणे दर मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅम, आणि त्या मात्रेला प्रथिननिर्मिती खरोखर थांबली आहे हे सायक्लिन-डी१ सारख्या अल्पजीवी प्रथिनाची घट दाखवून सिद्ध करावे. प्रयोग चार तासांपलीकडे नेऊ नये. एस्ट्रोजेन ग्राहीचे अर्धायुष्य तीन ते पाच तासांच्या आसपास असल्याने दीर्घकाळ प्रथिननिर्मिती थांबवली, तर ग्राहीच संपत जातो आणि थेट चालू होणारे जनुकही ‘अप्रत्यक्ष’ भासू लागते. सायक्लोहेक्झिमाइड आणि ॲक्टिनोमायसिन-डी ही दोन्ही अवरोधक द्रव्ये विषारी आहेत. त्यांचा कचरा बेसिनमध्ये ओतू नये.

टीएफएफ१ या कसोटीला उतरते. शाँबाँ यांच्या प्रयोगशाळेनेच १९८४ साली दाखवले की सायक्लोहेक्झिमाइड असतानाही एस्ट्रॅडिऑलने या जनुकाचे प्रतिलेखन वाढते, म्हणजे हा प्राथमिक प्रतिसाद आहे.

मात्र या उत्तरातून जेवढे निघते त्याहून अधिक काढू नये. नवे प्रथिन लागत नाही, एवढेच यातून सिद्ध होते. ग्राही त्या जनुकावर बसतो, हे होत नाही. ग्लुकागॉन किंवा ॲड्रेनॅलिन यांसारखी संप्रेरके पेशीत शिरतही नाहीत. ती पेशीपटलावरच्या ग्राहीला बांधतात, आत चक्रीय एएमपी वाढते, आणि आधीपासून केंद्रकात असलेल्या सीआरईबी या प्रथिनाला फॉस्फेट जोडला जाऊन जनुक चालू होते. येथेही नवे प्रथिन लागत नाही, पण डीएनएवर संप्रेरकाचा ग्राही नसतो. स्टेरॉइडेही काही प्रमाणात पेशीपटलाजवळून असे संदेश पाठवतात, म्हणून एस्ट्रॅडिऑलच्या बाबतीतही पुढची पायरी चुकवता येत नाही.

ग्राही जनुकापाशी बसतो का?

यासाठी क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे चिप, ही पद्धत वापरतात. पेशींना १ टक्का फॉर्मल्डिहाइडमध्ये दहा मिनिटे ठेवून प्रथिने आणि डीएनए जागच्या जागी बांधून घ्यावेत, ०.१२५ मोलर ग्लायसिनने अभिक्रिया थांबवावी, केंद्रके फोडून डीएनएचे सोनिकेटरने २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे करावेत, ग्राहीविरुद्धच्या प्रतिपिंडाने ते प्रथिन आणि त्याला चिकटलेले तुकडे ओढून काढावेत, रात्रभर ६५ अंश सेल्सिअसला ठेवून बंध सोडवावेत आणि कोणता डीएनए सोबत आला हे पीसीआरने मोजावे. फॉर्मल्डिहाइडचे काम धूरपेटीतच करावे. एका अवक्षेपासाठी ५० लाख ते १ कोटी पेशी हाताशी असाव्यात.

सर्वाधिक वेळ सोनिकेशनला द्यावा, असा माझा आग्रह आहे. तुकडे मोठे राहिले तर दोन हजार बेसजोड्या दूर असलेला भागही सोबत येतो आणि नेमकी जागा कळत नाही. फार वेळ ध्वनिलहरी दिल्या, तर उष्णतेने प्रतिपिंडाला ओळखू येणारा प्रथिनाचा भागच बिघडतो. नव्या पेशी, नवे यंत्र किंवा नवे आकारमान, यांपैकी काहीही बदलले की तुकड्यांची लांबी जेलवर पुन्हा पाहावी. मोजणीत एस्ट्रॅडिऑल दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी, असंबद्ध प्रतिपिंड, आणि ग्राही जेथे बसत नाही असा जीनोममधील एक भाग, हे सर्व एकत्र असावे. आकडे मूळ डीएनएच्या टक्केवारीत द्यावेत. संप्रेरक दिल्यानंतर ४५ मिनिटांच्या आसपासचा क्षण सामान्यतः वापरला जातो, परंतु फ्रँक गॅनन यांच्या गटाने २००३ साली टीएफएफ१ च्या प्रमोटरवरच (जनुकाच्या आरंभालगतच्या नियंत्रक डीएनएवरच) दाखवले आहे की ग्राही आणि त्याचे सहकारी तेथे चक्राकार क्रमाने येतात व जातात. म्हणून एका क्षणी ग्राही दिसला नाही एवढ्यावरून तो तेथे बसतच नाही असे म्हणू नये. निदान तीन वेळा तपासाव्यात.

कोठे शोधावे हाही प्रश्नच आहे. एस्ट्रोजेन ग्राहीची आदर्श जागा ए-जी-जी-टी-सी-ए, मध्ये कोणतीही तीन अक्षरे, आणि मग टी-जी-ए-सी-सी-टी अशी असते. तिचे मूळ रूप झेनोपसच्या व्हिटेलोजेनिन जनुकातून मिळाले. टीएफएफ१ मध्ये प्रतिलेखनाच्या आरंभबिंदूच्या सुमारे ४०० बेसजोड्या आधी अशी जागा आहे, पण तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागात टी-जी-ए-सी-सी ऐवजी टी-जी-जी-सी-सी आहे. म्हणजे अपुरी जागाही काम करते, आणि याच्या उलट, संगणकाने शोधलेल्या हजारो अचूक जागांवर ग्राही कधीच बसत नाही. शिवाय तो पुष्कळदा एपी-१ किंवा एसपी१ या प्रथिनांच्या आधाराने, स्वतः डीएनएला न धरताही, जनुकाजवळ असतो. २००६ साली मायल्स ब्राऊन यांच्या गटाने एमसीएफ-७ पेशींच्या संपूर्ण जीनोममध्ये या ग्राहीच्या ३,६६५ जागा नोंदवल्या, त्यांपैकी केवळ ४ टक्के प्रमोटरच्या १,००० बेसजोड्यांच्या आत होत्या. तेव्हा आपल्या जनुकाच्या प्रमोटरवर ग्राही सापडला नाही, तर निराश होऊन विषय सोडू नये. सार्वजनिक संग्रहांत एमसीएफ-७ चे चिप-सेकचे (चिपमध्ये आलेला सर्व डीएनए वाचून संपूर्ण जीनोमवरील जागा दाखवणाऱ्या पद्धतीचे) निकाल विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रायमर मागवण्याआधी ते उघडून जनुकाच्या दोन्ही बाजूंचा किमान एक लाख बेसजोड्यांचा प्रदेश पाहावा.

ती जागा खरोखर लागते का?

ग्राही एखाद्या जागी बसतो आणि शेजारचे जनुक चालू होते, यांतील कार्यकारणसंबंध अजून सिद्ध झालेला नसतो. जुना मार्ग असा की तो डीएनएचा तुकडा प्लाझ्मिडवर (डीएनएच्या लहान वर्तुळावर), प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या ल्युसिफरेज जनुकापुढे जोडून पेशींत घालावा, एस्ट्रॅडिऑलने प्रकाश वाढतो का ते पाहावे, आणि मग ग्राहीच्या जागेतील दोन-तीन अक्षरे बदलून तो प्रतिसाद जातो का ते तपासावे. याचा उपयोग आहे. मात्र प्लाझ्मिडवर गुणसूत्रासारखी क्रोमॅटिनची रचना नसते आणि दूरचा तुकडाही तेथे जनुकाला चिकटून ठेवलेला असतो, त्यामुळे ‘हा तुकडा प्रतिसाद देऊ शकतो’ याहून अधिक या प्रयोगाने सांगता येत नाही.

आज क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने ती जागा गुणसूत्रावरच काढून टाकता येते, आणि शक्य असेल तेथे तसेच करावे. किमान दोन वेगवेगळ्या मार्गदर्शक आरएनए-जोड्या (कोठे कापायचे ते ठरवणाऱ्या) वापराव्यात, प्रत्येकीपासून एकाहून अधिक स्वतंत्र क्लोन (एकेका पेशीपासून वाढवलेले पेशीसमूह) घ्यावेत आणि तीच प्रक्रिया होऊनही जागा शाबूत राहिलेले क्लोन तुलनेला ठेवावेत, कारण एकेका पेशीपासून वाढवलेल्या एमसीएफ-७ क्लोनमध्ये एस्ट्रोजेनला मिळणारा प्रतिसाद मुळातच कमीअधिक असतो. एमसीएफ-७ मध्ये गुणसूत्रांची संख्या सामान्य नसल्याने त्या जागेच्या सर्व प्रती गेल्या आहेत की नाहीत, हे पीसीआरने नीट तपासावे. एक प्रत उरली, तरी निष्कर्ष फिरू शकतो. जागा काढल्यावर केवळ आपल्या जनुकाचीच नव्हे, तर आजूबाजूच्या जनुकांचीही एस्ट्रॅडिऑलला मिळणारी प्रतिक्रिया मोजावी. दूरचा एन्हान्सर (जनुकाला लांबून चालना देणारा डीएनएचा भाग) जवळच्या जनुकाला वगळून पलीकडच्या जनुकाला चालवतो, अशी उदाहरणे कमी नाहीत.

प्रतिसाद पूर्ण नाहीसा झाला, तर त्या पेशींत तरी ग्राहीची ती जागा त्या जनुकासाठी अनिवार्य आहे असे लिहिता येते. तो निम्मा झाला, तर चिप-सेकच्या नकाशावर जवळपासच्या इतर जागा पाहून त्या एकेकट्या आणि जोडीने काढाव्यात, कारण एकाच जनुकाला दोन-तीन एन्हान्सर मिळून चालवत असतात आणि त्यांतील एक गेला तर दुसरा काही अंशी भार उचलतो. काहीच बदलले नाही, तर आधी सर्व प्रती गेल्याची पुन्हा खात्री करावी, मग त्या क्लोनमध्ये चिप करून ग्राही आता नेमका कोठे बसतो आहे ते पाहावे, आणि शोध तेथून पुढे न्यावा.